गॅरोसाहेबांचे कान

माझा भाऊ अँब्रोस क्वार्ल कान फार चांगले कोरायचा. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. लंडनमध्ये तेव्हा संगमरवरी अर्धपुतळे करणाऱ्यांची काही टंचाई नव्हती. हाइड पार्कच्या कोपऱ्यावर दगडवाल्यांची आवारं एकाला एक लागून होती आणि प्रत्येक आवारात कुणी ना कुणी सरदार नाक वर करून गवतात पडलेला असायचा. एकाचा हात वस्त्राच्या चुण्यांवर बसलेला, दुसऱ्याचा ओठांवर, अँब्रोसचा कानांवर. तो म्हणायचा, समोर बसलेला माणूस ओठ आवळतो, भुवई चढवतो, पोट आत घेतो, पण कानांचं त्याला काही करता येत नाही. म्हणून माणूस पकडायचा तर तिथे.

हे वेड लहानपणचं. आमचे वडील गावातल्या चर्चसाठी थडग्यांचे दगड कोरायचे. त्यांच्या हातचे सगळे देवदूत एकाच तोंडवळ्याचे. अँब्रोसला पहिल्यांदा एक देवदूत कोरायला दिला, तर त्यानं त्याला आमच्या मोच्याचे कान लावले, बाहेर आलेले आणि वरून दुमडलेले. रविवारी सगळ्या गावानं ते ओळखले. वडिलांनी त्याला बदडून काढलं. मोची मात्र मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला तो देवदूत दाखवत राहिला.

लंडनला आल्यावर बरीच वर्षं तो दुसऱ्याच्या आवारात राबला. पुतळा याच्या हातचा, खाली नाव मालकाचं. त्या धंद्यात हे असंच चालतं. मग एका आरमारी अधिकाऱ्याच्या विधवेनं नवऱ्याचा पुतळा सांगितला. नवरा तोफांच्या आवाजानं बहिरा झालेला. तो गेल्यावर चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घ्यायला अँब्रोस गेला होता आणि येताना कानांचाही घेऊन आला होता. पुतळा पाहायला आली तेव्हा त्या बाईनं तोंडाकडे बघितलंच नाही, सरळ डाव्या कानावर हात ठेवला. "हाच," ती म्हणाली. "याच्यातच मी जन्मभर ओरडत आले." आणि तिथेच रडायला लागली. मोठमोठ्या घरांत तिची ऊठबस होती. थोड्याच दिवसांत अँब्रोसचं स्वतःचं आवार झालं, दारावर नाव लागलं, आणि घर सांभाळायला त्यानं मला गावाहून बोलावून घेतलं.

घर कसलं, नुसती माती. पुतळा आधी मातीत होतो, मग प्लास्टरमध्ये, मग दगडात. मातीचा असतो तोवर त्याला सुकू द्यायचं नाही. सुकला की तडकतो, आणि सुरुवात नाकापासून होते. सकाळ-संध्याकाळ फडकी ओली करून ती डोकी गुंडाळायची, हे माझं काम. आमचा दगड फोडणारा डिग्बी मला म्हणायचा, "हेस्टरबाई, लग्न नाही केलंत ते बरं केलंत. इतक्या पुरुषांची डोकी थंड ठेवणं एका नवऱ्याच्या घरात राहून जमलं नसतं."

त्याच दिवसांत रोमन पुतळ्यांची हवा आली. जन्मभर विग घालून हिंडणाऱ्या माणसांना दगडात मात्र उघडं डोकं, उघडी मान आणि खांद्यावरून चादर हवी झाली. विगखाली सगळे तुळतुळीत. आमच्याकडे आले की विग खुंटीला अडकवायचे, खसाखसा डोकं खाजवायचे आणि सोललेल्या अंड्यासारखे दिसायचे. अँब्रोसची चांदी झाली. डोकं उघडं म्हणजे कान उघडे. क्वार्ल कधी मनचा कान लावत नाही, असं शहरात बोललं जाऊ लागलं आणि त्याला ते ऐकायला फार आवडायचं. जेवताना चीजचा तुकडा हातात धरून तो मला तेच पुन्हा सांगायचा. मला तेव्हाही ते खटकायचं. माणसानं आपली ख्याती इतकी चघळत बसू नये.

अशात गॅरोसाहेब आले. इमारती लाकडाचे मोठे व्यापारी, साठीच्या आसपासचे, बोलणं कमी. साउथवर्कला त्यांनी गरीब बायकांसाठी प्रसूतिगृह काढलं होतं. नवरा आहे का, असं तिथे दारात कुणी विचारत नसे, आणि नेमकं तेच काही विश्वस्तांना सलत होतं. त्यांत स्टेनफर्थ नावाचे गृहस्थ पुढे. तरी बाकीच्या विश्वस्तांनी बहुमतानं ठरवलं, की संस्थापकाचा पुतळा दालनात बसवायचा, आणि बसवायचा तर रोमन धर्तीचा.

आमच्या आवारात पुतळ्यासाठीच्या पहिल्या बैठकीला गॅरोसाहेब विग घालून बसले. पुढच्याही बैठकींना तसेच. मातीत त्यांची हनुवटी आली, डोळ्यांखालच्या पिशव्या आल्या, आणि कानांच्या जागी नुसते दोन गोळे राहिले. अँब्रोस विग काढायला सांगे, ते थंडीचं निमित्त सांगत. शेवटी एकदा ते म्हणाले, "भुवयांपासून खाली आहे तसं करा. वरचं तुमच्या मनानं करा."

"मनानं मी काही करत नाही," अँब्रोस म्हणाला.

"मग विगसकट करा."

"विश्वस्तांनी उघडं डोकं सांगितलंय. साहेब, मी काय टकलं बघितली नाहीत? परवा एका बिशपच्या डोक्यावर गळू होतं, तेसुद्धा बघितलं."

गॅरोसाहेब उठले, दार लावून आले आणि परत बसले. मी पडद्यामागे पाण्याच्या पिंपाशी फडकी पिळत होते. त्यांनी दोन्ही हातांनी विग उचलला आणि मांडीवर ठेवला. त्यांच्या दोन्ही कानांचे वरचे अर्धे भाग नव्हते. कापलेले होते, आणि जखमा वेड्यावाकड्या भरून आलेल्या होत्या.

अँब्रोसच्या हातातली लाकडी सुरी खाली गेली नाही की वर आली नाही. आमच्या वयाच्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागत नसे. खोटे कागद करणाऱ्याला पूर्वी भर बाजारात लाकडी चौकटीत मान अडकवून उभं करायचे आणि फाशी देणारा येऊन त्याचे कान कापायचा. गॅरोसाहेबांनी थोडक्यात सांगितलं. एक्झेटरला एका वकिलाकडे ते कारकून होते. धन्यानं सांगितलं म्हणून एक खोटं खरेदीपत्र लिहिलं. धनी सुटला, हे सापडले. तेव्हा नाव वेगळं होतं.

"हे बाहेर गेलं तर माझं जे व्हायचं ते होईल," ते म्हणाले. "पण दुसऱ्या दिवशी स्टेनफर्थ प्रसूतिगृहाला कुलूप लावील. तिथे आत्ता बायका आहेत."

"माझ्या तोंडून जाणार नाही," अँब्रोस म्हणाला.

"आणि पडद्यामागच्या बाईंच्या?"

मी ओले हात घेऊन बाहेर आले. माझ्याही नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, विग चढवला आणि आरशात न बघता नीट बसवला. किती वर्षांची ती सवय असेल, असं माझ्या मनात आलं.

मग खरी पंचाईत सुरू झाली. वचन तर देऊन बसलो, आता पुतळ्याला कान द्यायचे कुठून? अँब्रोस सकाळी एक कान लावायचा आणि दुपारी अंगठ्यानं चिरडून टाकायचा. म्हणायचा, हा कुणाचाच नाही, याच्यात कुणी राहत नाही. डिग्बी विचारायचा, "मालक, कान विसरलात की उंदरानं नेले?" अँब्रोस त्याच्यावर खेकसायचा. एकदा मी फडकी घेऊन आले तर तो माझ्याकडे बघत उभा.

"हेस्टर, टोपी काढ."

"का?"

"काढ म्हणतो ना."

मी टोपी काढली. आमचे दोघांचे कान आईचे; त्याचा उजवा दगडाच्या कपचीनं फाटलेला, म्हणून माझे. त्यानं ते मातीत घेतले, पुरुषाच्या डोक्याला शोभतील इतके मोठे केले, आणि काम संपल्यावर माझ्याशी नीट बोललासुद्धा नाही. आपण कुठली रेघ ओलांडली हे त्याला कळत होतं. दगडातले कान त्यानं कुणाला शिवू दिले नाहीत, शेवटचा हात स्वतःच फिरवला. पुतळा साउथवर्कच्या दालनात बसला आणि सगळे म्हणाले, कान तर अगदी त्यांचेच. गॅरोसाहेबांचे कान त्यांतल्या एकानंही पाहिलेले नव्हते. घरी आल्यावर मी पोट धरधरून हसले. अँब्रोस हसला नाही.

पुढच्या हिवाळ्यात कुजबुज सुरू झाली. स्टेनफर्थना एक्झेटरचा कुणी म्हातारा भेटला होता, तुरुंगावरचा जुना पहारेकरी. त्यानं गॅरोसाहेबांना गोदीवर पाहिलं आणि चालीवरून ओळखलं म्हणे. गोष्ट या कानाची त्या कानाला होत आमच्या आवारापर्यंत आली. आणि मग निरोप आला, की पुतळ्याच्या मानेवर डाग पडला आहे, मिस्टर क्वार्ल यांनी येऊन पाहावा.

संगमरवर धुणं हे माझं काम, म्हणून बादली, साबण आणि फडकी घेऊन मी त्याच्याबरोबर गेले. दालनात शिरलो तर डाग वगैरे काही नव्हतं. लांब टेबलाभोवती सगळे विश्वस्त बसले होते, त्यांत एक पाद्रीबुवाही होते. गॅरोसाहेब अध्यक्ष म्हणून टेबलाच्या टोकाला, पुतळा त्यांच्या मागे खिडकीशी. वरच्या मजल्यावर कुठल्यातरी बाईच्या कळा चालू होत्या आणि दर थोड्या वेळानं तिचा आवाज खाली येत होता. त्या आवाजाकडे तिथे कुणी लक्ष देत नव्हतं, गॅरोसाहेब सोडून.

स्टेनफर्थ फार गोड बोलले. एक अफवा उठली आहे, ती ते उच्चारणारसुद्धा नाहीत. अध्यक्षांना विग काढायला सांगण्याइतकं असभ्य या खोलीत कुणी नाही. पण सुदैवानं एक माणूस असा आहे ज्यानं अध्यक्षांचं डोकं पाहिलं आहे. क्वार्ल मनचा कान लावत नाही हे अख्ख्या शहराला ठाऊक आहे. त्यांनी बायबलवर हात ठेवून एवढंच सांगावं, की हे कान समोर पाहून कोरले. म्हणजे अफवा संपली.

अँब्रोसची ख्यातीच त्याच्या गळ्यात दोर बांधून उभी होती. हो म्हणावं तर देवासमोर खोटी शपथ, आणि नाही म्हणावं तर तो माणूस आणि वरची ती बाई दोघंही रस्त्यावर. मी अँब्रोसकडे बघितलं.

तेवढ्यात स्टेनफर्थ उठून पुतळ्यापाशी गेले. "किती बारीक काम," म्हणत त्यांनी कानावरून बोट फिरवायला सुरुवात केली. माझी नजर त्या बोटामागे गेली. आमच्या आवारात उजेड वरून येतो. इथे तो खिडकीतून, बाजूनं येत होता. त्या उजेडात दगडी कानाच्या पाळीत एक बारीक टिंब दिसत होतं.

माझं होतं ते टिंब. आजीनं मी लहान असताना सुईनं माझे कान टोचले होते. आई गेल्यावर मी डूल घातले नाहीत, भोकं बुजत आली, नुसती खूण राहिली. आणि माझ्या शहाण्या भावानं, खोटा कान करायला बसलेल्यानं, तो इतका खरा केला, की ती खूणसुद्धा सोडली नाही. त्याचं त्यालाही कळलं नसणार. हाताला सवयच तशी. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या कानाला बाईसारखी टोचल्याची खूण, आणि स्टेनफर्थचं बोट पाळीकडे उतरत होतं.

मी बादली आपटली. पाणी त्यांच्या रेशमी मोज्यांवर उडालं, तसे ते मागे सरले.

"बोटाचं तेल दगडाला लागतं, साहेब," मी म्हणाले. "पिवळं पडतं. मला पुसू द्या."

"ही बाई कोण?" त्यांनी विचारलं.

"माझी बहीण," अँब्रोस म्हणाला. "पुतळे धुते."

मी खिडकीकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे उजेड माझ्या अंगावर अडला. फडक्याच्या टोकाला साबणाचा लगदा घेतला आणि अंगठ्यानं त्या टिंबात दाबून बसवला. आधी एका पाळीत, मग दुसऱ्या. मग मी मुद्दाम जोरजोरात पुसायला लागले. मागून पाद्रीबुवांचा आवाज आला. ते बायबल अँब्रोससमोर धरून विचारत होते, हे कान पाहून कोरले का.

वर ती बाई ओरडली. मी वळून बघितलं तर गॅरोसाहेबांचा उजवा हात टेबलावरून उठला होता, खांद्यापर्यंत आला होता, आणि विगकडे चालला होता. ते स्वतःच काढणार होते. माझ्या भावाला खोटं बोलायला लागू नये म्हणून तो माणूस सगळं उधळून द्यायला निघाला होता.

अँब्रोसनंही ते पाहिलं. त्यानं पाद्रीबुवांच्या हातातून बायबल जवळजवळ ओढूनच घेतलं.

"पाहून कोरले," तो म्हणाला. "यांचेच आहेत. दोन्ही धड आहेत." आणि शपथेच्या रिवाजानं त्यानं पुस्तकाचं चुंबन घेतलं.

गॅरोसाहेबांचा हात सावकाश खाली आला. पाद्रीबुवा म्हणाले, झालं तर मग. स्टेनफर्थ आपल्या ओल्या मोज्यांकडे बघत बसले. थोड्या वेळानं वरून मूल रडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी हसून अभिनंदन म्हणालं, मुलाचं की अध्यक्षांचं ते मला कळलं नाही. घरी जाताना थेम्सच्या पुलावर अँब्रोस थांबला आणि ओकला.

त्यानंतर त्यानं दगडात कान कोरला नाही. पुतळे केले, पण विगसकट. लांब कुरळे विग, खांद्यापर्यंत आलेले. रोमन हवा ऐन भरात होती. लोक उघडं डोकं मागायचे, तो नाही म्हणायचा, लोक शेजारच्या आवारात जायचे. क्वार्लची अभिरुची जुनी झाली, असं म्हणू लागले. हळूहळू आमच्याकडे भिंतीतल्या शेकोटीच्या चौकटी आणि थडग्यांवरचे कलश येऊ लागले. मला त्याचा राग यायचा. मी एकदा म्हणालेसुद्धा, "तू बरोबरच केलंस ना? मग हा उपास कशाला?"

"बरोबर केलं," तो म्हणाला. "पण छिन्नी कानापाशी नेली की तोंडाला त्या पुस्तकाच्या कातड्याची चव येते. काय करू?"

मी त्याच्यापुढे मटणाचं ताट सरकवलं आणि त्यानं ते न खाता चिवडलं.

मग एका उन्हाळ्यात गॅरोसाहेब पुन्हा आले. खंगले होते, काठी टेकत होते. डिग्बी बाहेर जाईपर्यंत ते इकडचं तिकडचं बोलत बसले. मग त्यांनी दार लावलं, विग काढला आणि खुंटीला अडकवला, बाकीचे सगळे अडकवायचे तसा.

"आता खरा करा," ते म्हणाले. "कुणाला दाखवायचा नाही. पण एकदा कुणीतरी मला नीट बघावं, असं फार वाटतं."

अँब्रोसनं माती ओढली. त्या बैठकींत मी पडद्यामागे गेले नाही, समोरच बसले. त्यानं ते तुटके कान केले, भरून आलेल्या जखमेचा एकेक उंचवटा केला, आणि करताना तो आमच्या गावातल्या मोच्याचे कान कोरणाऱ्या अँब्रोससारखा दिसत होता. आयुष्यात त्यानं जे काही केलं त्यात ते डोकं सगळ्यात चांगलं. हे मी बहीण म्हणून नाही सांगत. जन्मभर शेकडो डोकी हाताळलेली बाई म्हणून सांगते. गॅरोसाहेबांनी ते फिरून फिरून पाहिलं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पण पुढे काय? लॅम्बेथच्या भट्टीत भाजायला न्यावं तर भट्टीवाले पाहणार. प्लास्टर करावं तर साचेवाला पाहणार. दगडात उतरवावं तर डिग्बी. अँब्रोस म्हणाला, राहू दे मातीतच, वाळेल, पडेल, संपेल. मी ते डोकं उचलून तळघरात नेलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलं.

गॅरोसाहेब गेले. स्टेनफर्थही गेले. अँब्रोस परवाच्या थंडीत छातीच्या दुखण्यानं गेला. त्याच्या थडग्यावर डिग्बीनं कलश कोरला, कारण दुसरं काय कोरायचं ते त्याला सुचेना. प्रसूतिगृह चालू आहे. दारात अजून कुणी काही विचारत नाही. दालनात माझ्या कानांचा पुतळा उभा आहे आणि दर वर्षी संस्थापकाच्या दिवशी त्याला फुलं घालतात. पाळीतला साबण कधीच धुऊन गेला असेल. कुणी निरखून बघत नाही.

माझी बोटं आता धड मिटत नाहीत, फडकं पिळताना कळ येते. तरी सकाळी चूल पेटवायच्या आधी मी तळघरात उतरते, गॅरोसाहेबांच्या डोक्यावरचं फडकं सोडते आणि नाकावर, हनुवटीवर, त्या अर्ध्या कानांवर पाण्याचा हात फिरवते. माती अजून मऊ आहे. अँब्रोसच्या अंगठ्याची खूण डाव्या कानामागे तशीच आहे. मी तिथे बोट लावत नाही. ज्या सकाळी मी खाली उतरणार नाही, त्या दिवसापासून ते डोकं सुकायला लागेल, आणि सुरुवात नाकापासून होईल.